शेवटच्या घोटापासून आठ तास

श्वासातली दारू तपासणाऱ्या मशीनच्या पडद्यावर १७ हा आकडा आला, तेव्हा मशीन बिघडलं असावं असंच मला आधी वाटलं. मी नाही, मशीन. कारण रेल्वेच्या ड्युटीआधी आठ तास दारू घ्यायची नाही हा नियम धरून मी हिशेब करून आलो होतो.

पोळ्याची कर होती आदल्या दिवशी. नागपूरकरांना कर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सकाळी मारबत-बडग्याची मिरवणूक, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडून बसलेला घसा, दुपारी लहान पोरांचा तान्हा पोळा आणि संध्याकाळी घराघरात मटणाचा रस्सा. माझी पीआर, म्हणजे पिरिऑडिक रेस्ट, ठरलेली सुटी, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला संपत होती. चुलतभावाकडे साडेआठला प्यायला बसलो, अकराला उठलो. उठताना मोबाईलमध्ये वेळ पाहिली होती हे मला पक्कं आठवतं, कारण मनात आकडा धरला होता : सकाळी सातनंतर कधीही साइन ऑन, म्हणजे ड्युटीची हजेरी, आलं तरी आठ तास पूर्ण. सहाला कॉल आला, आठचं साइन ऑन. म्हणजे नऊ तास. वर एक तास शिल्लकच.

आंघोळ केली, लिंबूपाणी प्यायलो, चौकात तर्री-पोहे खाल्ले, गाडीला किक मारली आणि लॉबीत, म्हणजे इंजिनावरच्या लोकांच्या हजेरीच्या जागी, पोचलो. डोकं दुखत नव्हतं. पाय हलत नव्हते. कोणी समोर उभं राहून शपथ घ्यायला लावली असती तरी मी सांगितलं असतं की मी शुद्धीवर आहे, ठणठणीत आहे. आणि तेव्हा ते मला खरंच तसं वाटत होतं.

मी सहाय्यक लोको पायलट आहे. ही गोष्ट घडली तेव्हा नोकरीला सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत त्या नळीत मी किती वेळा फुंकलं असेल याची गणती नाही. ड्युटीवर येताना एकदा, उतरताना एकदा. रनिंग स्टाफच्या बाहेरच्या माणसाला याची कल्पना नसते म्हणून सांगतो. लॉबीत क्रू मॅनेजमेंट सिस्टीमचा कियॉस्क असतो. आपला आयडी टाकायचा, अंगठा लावायचा, मग मशीन फुंकायला सांगतं. नवी पांढरी नळी लावायची, दीर्घ श्वास घ्यायचा आणि न थांबता एकसलग फुंकत राहायचं. मध्येच दम तुटला तर मशीन नमुना घेत नाही, पुन्हा फुंकावं लागतं. फुंकताना समोरचा कॅमेरा फोटो काढतो, म्हणजे एकाच्या नावावर दुसऱ्यानं फुंकलं असं होऊ नये. शून्य आलं की पुढे सतर्कता आदेश वाचायचे, सही करायची, वॉकीटॉकी घ्यायचा आणि इंजिनाकडे निघायचं. रोजचं काम असल्यामुळे पडद्याकडे नीट पाहायचीही सवय राहत नाही. हात पुढच्या कागदाकडे गेलेला असतो.

त्या दिवशी माझा हात कागदाकडे गेला आणि कियॉस्क पुढे सरकेना. मशीनमधून बारीक, एकसारखा आवाज येत होता. माझ्या मागे माझे उस्ताद उभे होते. आम्ही सहाय्यक लोक लोको पायलटला उस्तादच म्हणतो. त्यांनी पडद्यावरचा आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि खांद्यावरची बॅग हळूच बाकावर ठेवली. बोलले काहीच नाहीत. ती बॅग खाली ठेवली गेली तेव्हा मला कळलं की गाडी माझ्यासोबत जाणार नाही.

क्रू कंट्रोलर उठून आले.

"काल बसला होता का रे?"

"होय सर. पण अकरालाच उठलो. नऊ तास झाले."

"तोंड धुऊन ये. चांगल्या चुळा भर. मग तिथं बस पंधरा मिनिटं. काही खायचं नाही, प्यायचं नाही, सिगारेट-खर्रा काही नाही."

या पंधरा मिनिटांबद्दल मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण कितीतरी पोरांना हे माहीत नसतं आणि घाबरून ते तिथंच हमरीतुमरीवर येतात. मशीनला हवी असते फुप्फुसातली खोलवरची हवा. आपल्या शरीरात १ मिली रक्तात जितकं अल्कोहोल असतं, साधारण तितकंच फुप्फुसातून येणाऱ्या २१०० मिली हवेत असतं. त्या प्रमाणावरून मशीन रक्तातला आकडा काढतं आणि १०० मिली रक्तात इतके मिलिग्रॅम असं दाखवतं. पण तोंडातच ताजं अल्कोहोल असेल, माउथवॉशचं, खोकल्याच्या औषधाचं, होमिओपॅथीच्या थेंबांचं, तर ते श्वासात मिसळून आकडा खोटाच वर जातो. हे तोंडातलं अल्कोहोल पंधरा-वीस मिनिटांत उडून जातं. रक्तातलं जात नाही. म्हणून थांबायचं, नवी नळी घ्यायची आणि पुन्हा फुंकायचं. दुसऱ्यांदा शून्य आलं तर तोंडातलं होतं. नाही आलं तर रक्तातलं.

मी बाकावर बसून भिंतीवरचं घड्याळ पाहत होतो. लॉबीत येणारी-जाणारी माणसं माझ्याकडे बघत होती आणि लगेच नजर वळवत होती. सगळ्यांना कळलेलं असतं. पंधरा मिनिटांनी दुसरं मशीन आणलं, दुसरी नळी लावली.

१६.

पंधरा मिनिटांत एकच मिलिग्रॅम उतरलं होतं. ते रक्तातच होतं.

तरी मी एकदा वाद घातला. खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, नियमात आठ तास लिहिलेत, माझे नऊ झाले. कंट्रोलर चिडले नाहीत. त्यांनी कपाटातून जनरल रूल्सचं पुस्तक काढलं आणि २.०९ नंबरचा नियम माझ्यासमोर ठेवला. सहा वर्षांत तो नियम मी ट्रेनिंग स्कूलमध्ये पाठ केला होता, परीक्षेत लिहिला होता, आणि अर्धाच डोक्यात ठेवला होता. त्या नियमाचे दोन भाग आहेत. आठ तासांचा भाग दुसरा : गाडी चालवण्याशी थेट संबंध असलेल्या कर्मचाऱ्यानं ड्युटी सुरू होण्याआधीच्या आठ तासांत दारू, गुंगीचं किंवा उत्तेजक औषध घ्यायचं नाही. पहिला भाग सगळ्याच रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी आहे आणि त्यात तासांचा उल्लेखच नाही. ड्युटीवर असताना नशेत असायचं नाही, किंवा अशा पदार्थामुळे काम करण्याची क्षमता कमी झालेली असायची नाही. बस. कधी प्यायला, किती वाजता थांबला, हे त्यात विचारलेलंच नाही.

"आठ तास म्हणजे कमीत कमी," ते म्हणाले. "आठ तास झाले म्हणजे पास, असं कुठं लिहिलंय सांग मले."

मी पुस्तकात शोधलं नाही. नव्हतंच लिहिलेलं.

त्यांनी मला विचारलं, आकडा मान्य नसेल तर रेल्वे दवाखान्यात रक्ताचा नमुना द्यायचा आहे का? मी नाही म्हटलं. मी प्यायलो होतो, हे मला माहीत होतं. दोन्ही आकड्यांचे कागद निघाले. त्यावर माझी सही, कंट्रोलरची सही, साक्षीदार म्हणून माझ्या उस्तादांची सही. त्यांनी सही करताना पेन जरा जास्तच दाबून धरलं होतं, अक्षरं कागदाच्या मागच्या बाजूला उमटली होती. जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "घरी जा. गाडीवर नको जाऊ, ऑटोनं जा."

तोपर्यंत माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं की रक्तात तेवढंच घेऊन मी मोटारसायकलवर बसून आलो होतो. रस्त्यावर पोलिसांनी पकडलं असतं तर सुटलो असतो, कारण मोटार वाहन कायद्यात मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. माझं त्याच्या निम्म्याच्या आसपास होतं. इंजिनावर मात्र हा आकडा घेऊन चढता येत नाही आणि चढू देऊ नये असं आज माझं ठाम मत आहे. त्या दिवशी जी रिकामी रेक बल्लारशाहकडे न्यायची होती ती कोळशाच्या वाघिणींची होती. रिकामी असताना तरी ती हलकी असते. तीच भरून परतते तेव्हा मागे अठ्ठावन्न वाघिणी आणि पाच हजार टनांच्या आसपास वजन असतं. पुढचा सिग्नल एक पिवळा दिसला आणि ब्रेक लावायला क्षणभर उशीर झाला तर तो क्षण भरून काढायला जागा उरत नाही. सहाय्यकाचं काम काय असतं? सिग्नल दिसला की हात दाखवून त्याचा रंग मोठ्यानं बोलायचा, उस्तादांनी तो परत बोलायचा. इंजिनात दोन माणसं यासाठीच ठेवलेली असतात. त्यातला एक अर्धा झोपेत असेल तर इंजिनात दीडच माणूस उरतो.

माझ्या जागी बोर्डवर ज्याचा पुढचा नंबर होता त्याला कॉल गेला. गाडी सुटायला उशीर झाला. तो माणूस कोण, त्याचं काय झालं, ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं. ते पुढे येईल.

घरी बाबांना सांगणं सगळ्यात जड गेलं. बाबा रेल्वेतच होते, पॉइंट्समन म्हणून रिटायर झाले. त्यांच्या काळात नळी नव्हती. समोरचा माणूस तोंडाजवळ येऊन वास घ्यायचा, डोळे बघायचा, सरळ रेषेत चालायला लावायचा, आणि ओळखीचा असेल तर सोडूनही द्यायचा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कितीचा आला?" मी म्हटलं, सतरा. ते म्हणाले, "आमच्या वेळी तू पास झाला असता." यात कौतुक नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. आई आतून बाहेर आलीच नाही. बायको फक्त म्हणाली, "पगार कटेल का जी?"

कटला. पुढचे काही दिवस मला गाडीवर घेतलं नाही, म्हणजे किलोमीटर बंद, म्हणजे रनिंग अलाउन्स बंद. आमच्या पगाराचा मोठा हिस्सा तोच असतो. लेखी खुलासा मागितला. मग एसएफ-११ हातात पडला, किरकोळ शिक्षेचं आरोपपत्र, उत्तर द्यायला दहा दिवस. युनियनमधल्या एका जाणत्या माणसानं सल्ला दिला की औषध घेतलं होतं असं लिहून टाक. मी तसं लिहिलं नाही. अकरा वाजता थांबलो होतो, आठ तासांचा नियम पाळला असं मला वाटत होतं, पण मी किती प्यायलो ते मोजलं नव्हतं, असंच लिहिलं. एका वर्षाची वेतनवाढ रोखली गेली. सगळ्यांनी सांगितलं की थोडक्यात सुटलास. खरं होतं ते. रेल्वे कायदा, १९८९ च्या १७२ व्या कलमात नशेत ड्युटीवर असण्याला दंड आहे, आणि त्या अवस्थेत काम केल्यानं कोणाच्या जिवाला धोका होण्याचा संभव असेल तर एक वर्षापर्यंत कैद आहे. मी गाडीवर चढलो नाही, चढू दिलं गेलं नाही, म्हणून ते कलम माझ्यापासून लांब राहिलं.

शिक्षेपेक्षा जास्त मला शिकवलं ते समुपदेशनानं. रेल्वेच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. वाटलं होतं, व्यसनाचे दुष्परिणाम सांगतील, लिव्हरचं चित्र दाखवतील. त्यांनी माझ्याच ओपीडीच्या कागदाची मागची बाजू वर केली आणि पेन काढलं.

"काय घेतली होती?"

"व्हिस्की."

"मोठे पेग?"

"साठचे."

"किती?"

"चार." मग मी थांबलो. "शेवटी अर्धा आणखी."

त्यांनी लिहिलं : ६० मिली. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे एका मोठ्या पेगात साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. साडेचार पेगांचे ९० ग्रॅम. मग खाली लिहिलं : लिव्हर, तासाला ७ ग्रॅम. कोणाचं थोडं कमी, कोणाचं थोडं जास्त, पण ते घाईवर येत नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, उलटी, घाम, जेवण, काहीही करा, ते आपल्याच चालीनं चालतं. ९० भागिले ७. जवळपास तेरा तास.

"कधी सुरू केली?"

"साडेआठला."

"साडेआठ अधिक तेरा?"

"सकाळी साडेनऊ."

"आणि फुंकलं कधी?"

मी उत्तर दिलं नाही. कागदावर सगळं होतंच. आठला माझ्या अंगात दहाएक ग्रॅम शिल्लक होतं, माझ्या वजनाच्या माणसाच्या रक्तात ते विसाच्या आसपास निघतं, मशीननं सतरा दाखवलं. मशीन बरोबर होतं. मी शेवटचा घोट कधी घेतला ते मोजत होतो आणि शरीर एकूण किती घेतली ते मोजत होतं. शेवटचा घोट अकराऐवजी दहाला घेतला असता तरी पेग साडेचारच असते तर आकड्यात नावापुरताच फरक पडला असता. उलट एकच पेग घेऊन अकराला उठलो असतो तर सकाळी शून्य आलं असतं. डॉक्टरांनी कागदाच्या खाली एक ओळ लिहून दिली आणि तो कागद माझ्या पाकिटात अजून आहे, घडीवर फाटत आलाय : 'मोठा पेग एक = तीन तास, पहिल्या घोटापासून.'

नव्या पोरांना मी तो कागद दाखवतो. ट्रेनिंगमध्ये आठ तासांचा आकडा इतका पक्का डोक्यात बसतो की तो परवान्यासारखा वाटायला लागतो. लॉबीत बसून पाहा, 'आठ तास झाले ना, मग झालं' हे वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकू येतं ते. माझ्यासारखेच सरळमार्गी लोक असतात ते, रोज पिणारे नव्हेत. रोज पिणाऱ्याला आपला आकडा माहीत असतो. सणावाराला बसणारा, महिन्यातून एकदा बसणारा माणूस फसतो. आणि आमचा सेक्शन असा की वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, पुढे चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ पर्यंत होती. बंदीच्या भागातून गाडी नेतो म्हणून अंगातली उतरत नाही. ती नागपूरहून सोबतच जाते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण मशीनला दोष न देता गप्प बसणं हेही बरोबर नाही. वर्षभरापूर्वी आमच्याच एका सहकाऱ्याचा आकडा ९ आला. पोरगा कधीच पीत नाही, माळकरी घरचा. तो रडायलाच लागला. मी तिथं होतो. मी त्याला म्हटलं, सकाळी काय घेतलंस ते आठव. होमिओपॅथीचे थेंब, जिभेवर, लॉबीच्या दारात उभं राहून घेतले होते, कारण सकाळचा डोस चुकला होता. कंट्रोलरनं त्याला चुळा भरायला लावल्या, थांबवलं, पंधरा मिनिटांनी फुंकवलं. शून्य. तो गाडीवर गेला. थांबून पुन्हा फुंकायची ती पंधरा मिनिटं नसती तर त्याच्या नावावर कायमचा डाग लागला असता. फेब्रुवारी २०२५ मध्ये दक्षिण रेल्वेच्या तिरुवनंतपुरम विभागात तर होमिओपॅथीची औषधं, खोकल्याचं औषध, माउथवॉश, शहाळं, काही जातींची केळी, थंड पेयं ड्युटीआधी घेऊ नयेत असा आदेश निघाला होता. त्यावरून एवढा गदारोळ झाला की तो मागे घ्यावा लागला. शहाळ्यावर आणि केळ्यावर बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही. नीट कॅलिब्रेट केलेलं मशीन, थांबवून दुसरी चाचणी, आणि मागितला तर रक्ताचा नमुना, एवढं प्रत्येक लॉबीत प्रामाणिकपणे झालं तर कोणाला भ्यायचं कारण नाही.

आणि मशीनला जे दिसतच नाही त्याचं काय? हे मला स्वतःवर बेतल्यावर कळलं. त्या प्रकरणानंतर दीडेक वर्षानं, डिसेंबरच्या थंडीत मला सर्दी झाली. नाक वाहत होतं. शेजारच्या दुकानातून एक गोळी घेतली, दुपारी. संध्याकाळी फुंकलं तर शून्य. स्वच्छ शून्य. बुटीबोरी गेल्यावर माझे डोळे मिटायला लागले. उभा राहिलो, खिडकीतून गार वारा तोंडावर घेतला, तरी पापण्या खाली येत होत्या. एक सिग्नल मी बोललो नाही, उस्तादांनी आधी बोलला. त्यांनी विचारलं, "काय घेतलं?" मी सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या स्टेशनवर सांगू का कंट्रोलला? मी म्हटलं, नको, होतो नीट. त्यांनी पूर्ण वाटभर माझ्याशी बोलत राहून मला जागं ठेवलं. मला त्यांनी सांगायला हवं होतं कंट्रोलला, आणि मीच हो म्हणायला हवं होतं. इंजिनात चालकावर लक्ष ठेवणारं एक उपकरण असतं. चालकानं साठ सेकंद काहीच हालचाल केली नाही तर आठ सेकंद दिवा लुकलुकतो, मग आठ सेकंद बझर वाजतो, तरीही काही केलं नाही तर आपोआप ब्रेक लागतो. ताशी साठच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी सव्वा किलोमीटर पुढे गेलेली असते. आणि पेंगत पेंगतही बटण दाबता येतं, हात सवयीनं दाबतो.

२.०९ मध्ये दारूच्या बरोबरीनं गुंगी आणणारी औषधंही आहेत, त्याच वाक्यात. म्हणजे सर्दीच्या गोळीनं मी नियम मोडलाच होता, फक्त पकडलो गेलो नव्हतो. आता मी कोणत्याही डॉक्टरकडे गेलो की आधी सांगतो, मी रेल्वे इंजिनावर काम करतो, झोप आणणारं देऊ नका. आणि तसंच लागणार असेल तर सिक करून घेतो, म्हणजे आजारी म्हणून ड्युटीवर जात नाही.

अमेरिकेत ही गोष्ट फार मोठी किंमत मोजून शिकली गेली. ४ जानेवारी १९८७ ला मेरीलँड राज्यात चेस नावाच्या ठिकाणी मालगाडीची जोडलेली इंजिनं लाल सिग्नल ओलांडून मुख्य लाइनवर आली आणि मागून वेगात येणारी प्रवासी गाडी त्यांच्यावर आदळली. १६ माणसं गेली. इंजिनावरच्या दोघांनी गांजा ओढला होता. दारूच्या नळीत ते दिसलं नसतं. त्यानंतर तिथं १९९१ मध्ये कायदा झाला आणि वाहतुकीतल्या सुरक्षेशी संबंधित कर्मचाऱ्यांची लघवी तपासून अमली पदार्थ शोधणं, आणि तेही अचानक, कोणाचंही नाव काढून, सक्तीचं झालं. हे वाचलं तेव्हा मी जेवत होतो, आणि सेवाग्रामच्या अलीकडचा तो न बोललेला सिग्नल माझ्या डोळ्यासमोर आला. घास खाली जाईना.

आता त्या माणसाचं सांगतो, ज्याला माझ्या जागी कॉल गेला होता. नोकरीनं माझ्यापेक्षा लहान, रेल्वे क्वार्टरमध्ये राहणारा. त्याला दुपारचा कॉल अपेक्षित होता, म्हणून सकाळी आईला मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मोतीबिंदूसाठी दाखवायचं ठरलं होतं. रांगेत नंबर लावायला शेजारचा पोरगा पहाटेच गेला होता. ऐनवेळी कॉल आला आणि सगळं राहून गेलं. तेव्हापासून दर तारखेला काहीतरी आडवं येत गेलं, ड्युटी, पाऊस, आईचं वाढलेलं बीपी. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. कॅन्टीनमध्ये दुसऱ्याच कोणाकडून मला कळलं, जवळजवळ तीन महिन्यांनी.

मी त्याच्या घरी गेलो. माफी मागितली, त्यानं 'जाऊ दे ना भाऊ' म्हणून विषय बदलला. पुढची तारीख कोणती ते मी त्याच्या बायकोला विचारून घेतलं. त्या दिवशी माझी पीआर होती आणि त्याची ड्युटी. सकाळी सहाला मी ऑटो घेऊन दारात उभा होतो.

मेडिकलच्या ओपीडीत आम्ही चार तास बसलो. त्याची आई बोलकी होती. शेजारी बसलेल्या सगळ्यांना मी त्यांच्या पोराचा मित्र आहे असं सांगत होती. मला खिशातून काढून खडीसाखर दिली. एकदा डोळ्यांवर हात आडवा धरून माझ्याकडे नीट पाहत म्हणाली, "तुले कशी सुटी भेटली बाप्पा आज? माह्या पोराले तं कधीच भेटत नाही."

"आराम होता माय," मी म्हटलं.

"मग घरी झोपायचं होतं ना."

तेवढ्यात आतून आमचा नंबर पुकारला गेला. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही आत गेलो.